घरच्या व्हीएचएस कॅसेट संगणकात आणि डीव्हीडीवर उतरवताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग, गावच्या मंडळाचं नाटक. कपाटात किंवा माळ्यावर अशा पाच-सात व्हीएचएस कॅसेट बऱ्याच घरांत अजून पडून आहेत. त्या उतरवून घ्यायचं लोक मनावर घेतात, पण काम उलट्या क्रमाने करतात. वीस-पंचवीस वर्षं बंद पडलेली कॅसेट तशीच मशीनमध्ये सरकवतात, येईल ते चित्र थेट डीव्हीडीवर किंवा एमपी४ मध्ये घेतात, रुंद टीव्हीवर मावावं म्हणून ताणतात आणि शेवटी कॅसेट टाकून देतात. या चार चुकांपैकी एकही नंतर दुरुस्त होत नाही.

जुनी फीत नीट चालण्याच्या संधी मोजक्याच असतात. मशीनही आता नवं मिळत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणून या कामाचे तीन टप्पे वेगवेगळे ठेवायचे. आधी कॅसेट आणि मशीन तयार करायची. मग काहीही न गमावता एक मास्टर फाइल, म्हणजे संगणकावरची मूळ प्रत, घ्यायची. डीव्हीडी, फोनची प्रत वगैरे सगळं त्या मास्टरवरून काढायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

हा लेख घरी चित्रित झालेल्या किंवा घरच्या समारंभासाठी चित्रित करून घेतलेल्या कॅसेटपुरता आहे. विकत घेतलेल्या सिनेमांच्या कॅसेटवर हक्क दुसऱ्याचे असतात आणि कित्येकींवर कॉपी रोखणारा सिग्नलही असतो. त्यांचा विचार इथे केलेला नाही.

## १. कॅसेटची पाहणी आणि वाटणी

सगळ्या कॅसेट एकदम बाहेर काढा. उजेडात प्रत्येकीच्या खिडकीतून आतल्या फितीच्या गुंडाळीकडे बघा. गुंडाळीची बाजू काळी किंवा गडद तपकिरी, एकसारखी गुळगुळीत दिसायला हवी. त्यावर पांढरे ठिपके, पीठ भुरभुरल्यासारखा थर किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकण, मुंबई, गोवा इथल्या हवेत ही फार सर्रास दिसते.

पाहणी करता करता तीन ढीग करा: स्वच्छ, संशयित आणि बुरशीची. तिसरा ढीग लगेच वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बंद करा.

थांबा: बुरशीची एक कॅसेट मशीनमध्ये गेली की बुरशीचे कण हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) आणि रोलरवर बसतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात. सगळ्यात महत्त्वाची कॅसेट बुरशीची असली तरी तिची पाळी शेवटी.

बुरशीच्या कॅसेटसाठी घाई नको. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात त्या काही आठवडे ठेवल्या की बुरशी वाळते आणि सुटी होते. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायरही नको. उष्णतेने फीत वेडीवाकडी होते. वाळल्यावर कवच उघडून गुंडाळीच्या कडा मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाडता येतात. हे काम घराबाहेर, एन-९५ मास्क लावून करा, कारण ते कण श्वासात जायला नकोत. अशी कॅसेट चालवायची तर एक वेगळा, मोडला तरी चालेल असा व्हीसीआर हवा आणि प्रत्येक कॅसेटनंतर तो पुसायला हवा. फीत आतपर्यंत चिकटली असेल, किंवा त्या प्रसंगाची दुसरी प्रत कुठेच नसेल, तर हे काम जाणकाराला द्या. ते खर्चिक पडतं, तरीही द्या.

दुसरी प्रत आहे का, हे या टप्प्यावरच विचारून घ्या. लग्नाच्या कॅसेटच्या बहुतेक वेळा दोन-तीन प्रती निघायच्या: एक मुलीच्या घरी, एक मुलाच्या घरी, एखादी परदेशातल्या काकांकडे. प्रतीची प्रत काढली की रंग पसरतो, कडा फुटतात. म्हणून मूळ कॅसेट कोणाकडे आहे ते शोधा. मामाकडची कॅसेट तुमच्यापेक्षा कितीतरी चांगली निघू शकते, आणि एक फोन करायला काहीच लागत नाही.

परदेशातून आलेल्या कॅसेट वेगळ्या ठेवा. आपल्याकडची चित्रणं पाल या टीव्ही पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेमची (फ्रेम म्हणजे एक पूर्ण चित्र). अमेरिकेतली एनटीएससी, सेकंदाला २९.९७ फ्रेमची. कॅसेटवर ई-१८० लिहिलं असेल तर ती साधारण पाल, टी-१२० असेल तर साधारण एनटीएससी. पण टी-१२० वर पाल चित्रणही होऊ शकतं, म्हणून खात्री चालवूनच होते.

तपासणी: कॅसेटच्या कण्यावर एका कोपऱ्यात प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो शाबूत असेल तर तोडून टाका. तो तुटल्यावर त्या कॅसेटवर चुकूनही रेकॉर्डिंग होत नाही. मशीनला हात लावण्याआधी प्रत्येक कॅसेटवर हे काम झालंच पाहिजे.

## २. फीत तुटलेली किंवा कवच फुटलेलं असेल तर

हे काम वाटतं तितकं अवघड नाही. व्हीएचएस कॅसेटच्या खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. ते काढा, कॅसेट सरळ टेबलावर ठेवा आणि वरचं झाकण हळू उचला. आतला फितीचा मार्ग दिसताक्षणी फोनवर फोटो काढा. बंद करताना तोच उपयोगी पडतो.

कवच फुटलं असेल तर एखादी निरुपयोगी पण चांगल्या कवचाची कॅसेट घेऊन दोन्ही रिळं तिच्यात बसवा. फीत तुटली असेल तर दोन्ही टोकांचा चुरगळलेला भाग कापून, टोकाला टोक भिडवून, फितीच्या पाठीमागच्या बाजूने जोडपट्टी लावा. ही पट्टी व्हिडिओ फितीसाठी बनवलेलीच हवी.

थांबा: सेलोटेप कधीही लावू नका. त्याचा गोंद कडेने बाहेर येतो, फिरत्या हेडला चिकटतो आणि मशीन निकामी करतो. फितीला बोटंही लावू नका; सुती हातमोजे घाला.

## ३. व्हीसीआर निवडणं आणि पुसणं

घरी बीपीएल, व्हिडिओकॉन, ओनिडा असा जुना व्हीसीआर असेल तर तो चालूही होईल, पण वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या मशीनमध्ये रबरी पट्टा सैल झालेला असतो आणि वंगण घट्ट झालेलं असतं. जुन्या बाजारातून घेणार असाल तर एक टाकाऊ कॅसेट सोबत न्या. आत-बाहेर, पुढे-मागे, दहा मिनिटं चित्र, इतकं बघा. मग कॅसेट काढून झडप उचला आणि फितीच्या कडा पाहा. कड दुमडली किंवा चुरगळली असेल तर तो व्हीसीआर चित्र कितीही छान दाखवत असला तरी नको.

निवड करता येत असेल तर एस-व्हिडिओ आउटपुट असलेला एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा सुधारित प्रकार) व्हीसीआर घ्या. साध्या पिवळ्या वायरमधून प्रकाश आणि रंग एकत्र येतात. एस-व्हिडिओत ते वेगळे राहतात आणि रंगांच्या कडेची थरथर कमी होते. जेव्हीसी आणि पॅनासोनिकच्या वरच्या श्रेणीतल्या काही मशीनमध्ये टाइम बेस करेक्टरही असतो. फितीवरून येणारी प्रत्येक ओळ थोडी पुढेमागे होते, ती हा भाग सरळ करतो. हे नसेल तरी काम अडत नाही. त्याचा स्वस्त पर्याय पुढच्या टप्प्यात सांगितला आहे.

हेड पुसण्याची पद्धत नीट वाचा, कारण याच कामात सर्वाधिक मशीन बिघडतात.

वायर सॉकेटमधून काढा आणि अर्धा तास थांबा. झाकण उघडा. पॉवर सप्लायच्या भागाला हात लावू नका. मधला चकचकीत, किंचित तिरका सिलिंडर म्हणजे हेड ड्रम. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि शॅमॉय चामड्याचा किंवा धागे न सुटणाऱ्या कागदाचा तुकडा त्यात ओला करा. तो तुकडा ड्रमवर हलका टेकवून एका जागी स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेने सावकाश फिरवा. काळपट रेघ उमटेल. कागद बदलून ती उमटायची थांबेपर्यंत हेच करा. मग फितीच्या वाटेवरचे धातूचे खांब आणि आवाजाचं स्थिर हेड पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल नको, पाण्याने ओलसर केलेलं कापड पुरे.

थांबा: ड्रमवर कापड वर-खाली कधीही फिरवू नका. हेडची टोकं केसाएवढी नाजूक असतात आणि उभ्या रेट्याने तुटतात. कानात घालायच्या कापसाच्या काड्याही नकोत. त्यांचे धागे हेडमध्ये अडकतात.

अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत, निदान अर्धा तास, मशीन बंद ठेवा. मग टाकाऊ कॅसेट लावून बघा. महत्त्वाची कॅसेट पहिली कधीच नको.

## ४. जोडणी: इथे स्वस्त डबी घात करते

बाजारात पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीला एचडीएमआय करून देणाऱ्या छोट्या डब्या मिळतात. 'एचडी क्वालिटी' अशी त्यांची जाहिरात असते. या कामासाठी त्या घेऊ नका. कारण समजून घ्या. पाल चित्रात सेकंदाला ५० अर्धचित्रं असतात: एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. ही डबी ती अर्धचित्रं आपल्या मर्जीने एकत्र करते, ७२० किंवा १०८० ओळींपर्यंत फुगवते, बऱ्याचदा सेकंदाला ६० फ्रेम करते आणि काही डब्या ४:३ चं चित्र १६:९ पर्यंत ताणतात. हालचाल अडखळते, नवरीचा चेहरा रुंद होतो, आणि यातलं काहीही मागे घेता येत नाही.

हवं ते साधं आहे: पाल सिग्नल ७२० गुणिले ५७६ मध्ये, अर्धचित्रं जशीच्या तशी ठेवून, दाब न देता (म्हणजे फाइल लहान करण्यासाठी चित्र न आवळता) संगणकाला देणारं कॅप्चर उपकरण. खरेदीआधी विचारायचे प्रश्न तीन. एस-व्हिडिओ इनपुट आहे का? व्हर्च्युअलडबसारख्या, व्हिडिओ संगणकात घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालतं का? तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे का? फक्त सोबतच्या सीडीतल्या प्रोग्रॅममध्येच चालणारं उपकरण टाळा. ते बहुधा थेट एमपेग, म्हणजे दाबलेली फाइल, बनवतं.

टाइम बेस करेक्टर नसेल तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर शोधा आणि त्याला मधला दुवा बनवा. व्हीसीआरमधून डीव्हीडी रेकॉर्डरच्या इनपुटला, त्याच्या आउटपुटमधून कॅप्चर उपकरणाला. रेकॉर्डिंग त्याच्यावर करायचं नाही, सिग्नल फक्त त्यातून जाऊ द्यायचा. पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे नमुने याच कामासाठी छंदी लोकांत ओळखले जातात. चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकत असेल तर त्यांच्यामुळे तो सरळ होतो.

आवाजात गुणगुण येत असेल तर व्हीसीआर, संगणक आणि मधलं उपकरण एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. बहुतेक वेळा तेवढ्याने ती जाते.

तपासणी: व्हीसीआरच्या मेनूत जाऊन निळा पडदा आणि स्क्रीनवरचे आकडे बंद करा. निळा पडदा चालू राहिला तर सिग्नल जरा कमी झाला की चित्राच्या जागी निळा रंग रेकॉर्ड होतो. चित्राची धार वाढवणारी सेटिंग असेल तर ती 'एडिट' किंवा सौम्य बाजूला ठेवा.

## ५. संगणकाची तयारी

दाब न दिलेलं पाल चित्र तासाला जवळपास ७५ जीबी होतं. हफवाययूव्ही किंवा लॅगॅरिथ यांसारख्या कोडेकने (फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरने), काहीही न गमावता, ते साधारण ३० ते ४० जीबीपर्यंत येतं. म्हणजे तीन तासांच्या एका कॅसेटला १०० जीबीहून जास्त मोकळी जागा धरा. ती विंडोज असलेल्या डिस्कवर नको, वेगळ्या डिस्कवर हवी, आणि ती डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपुढे जात नाही आणि कॅप्चर सात-आठ मिनिटांत तुटतं.

व्हर्च्युअलडबच्या कॅप्चर भागात या गोष्टी ठरवा:

- पद्धत पाल-बी
- आकार ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम
- रंगाची पद्धत वाययूवाय२
- कोडेक हफवाययूव्ही किंवा लॅगॅरिथ
- आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दाबाशिवाय पीसीएम

आवाज ४८ च का? डीव्हीडीला तोच लागतो. ४४.१ वर घेतला तर नंतर बदलावा लागतो आणि ते एक काम फुकट वाढतं.

डीइंटरलेस (अर्धचित्रं जोडून पूर्ण चित्र करणं), आवाज साफ करणं, रंग सुधारणं, आकार बदलणं हे सगळं बंद. कॅप्चर करताना चित्रात आडव्या कंगव्यासारख्या रेघा दिसतील. त्या दिसायलाच हव्यात. अर्धचित्रं शाबूत असल्याचा तो पुरावा आहे. लोक घाबरून इथेच डीइंटरलेस चालू करतात आणि अर्धी हालचाल कायमची घालवून बसतात.

वीज जाण्याचा विचार आताच करा. संगणक आणि व्हीसीआर दोन्ही यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या. स्क्रीनसेव्हर, स्लीप, वाय-फाय आणि अपडेट बंद ठेवा.

अमेरिकेची कॅसेट असेल तर आकार ७२० गुणिले ४८० आणि फ्रेम २९.९७ ठेवा. आपल्याकडचे काही पाल व्हीसीआर एनटीएससी कॅसेट 'पाल टीव्हीवर' दाखवतात, पण तो सिग्नल दोन पद्धतींचं मिश्रण असतो आणि बरीचशी कॅप्चर उपकरणं तो रंगाशिवाय किंवा उडत्या चित्रासह घेतात. त्या कॅसेटला खरं एनटीएससी आउटपुट देणारं मशीन लागतं.

## ६. दहा मिनिटांची चाचणी

कॅसेट ज्या खोलीत चालवायची तिथे आदल्या दिवशीच आणून ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच. गार जागेतून दमट खोलीत आणलेल्या फितीवर ओल धरते आणि ओली फीत ड्रमला चिकटते.

स्वच्छ ढिगातली कॅसेट असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे न्या. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली गुंडाळी त्यामुळे सारखी होते. मशीनमधून चिरका आवाज आला तर लगेच थांबवा आणि कॅसेट बाहेर काढा.

आता मध्यावरचा दहा मिनिटांचा तुकडा कॅप्चर करून बघा. यात तीन गोष्टी ठरवायच्या.

ट्रॅकिंग (फितीवरच्या रेघांशी हेड जुळवणं): आधी स्वयंचलित ठेवा. चित्रात पांढरे आडवे पट्टे असतील तर हाताने फिरवून ते जातील किंवा कमीत कमी होतील तिथे थांबा. एलपी, म्हणजे संथ गतीत रेकॉर्ड झालेल्या कॅसेटना ट्रॅकिंग जास्त लागतं.

उजेडाची पातळी: लग्नाच्या चित्रणात कॅमेऱ्यासोबत हॅलोजनचा दिवा असायचा. गुरुजींचं उपरणं, नवऱ्याचा झब्बा, फुलांच्या मुंडावळ्या त्या उजेडात जवळजवळ पांढऱ्याफटक झालेल्या असतात. कॅप्चर उपकरण त्यात भर घालून आणखी पांढरं करतं. व्हर्च्युअलडबमध्ये हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उघडा, चित्राच्या खालचा फाटका पट्टा आणि कडेची काळी किनार तात्पुरती वगळा, आणि ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट असा लावा की पांढरा १६ ते २३५ च्या आत राहील. चित्र थोडं फिकं वाटलं तरी चालेल, कारण ते नंतर गडद करता येतं. एकदा कापला गेलेला पांढरा पुन्हा मिळत नाही. वगळलेल्या कडा कॅप्चर सुरू करण्याआधी परत घ्यायला विसरू नका.

आवाज: ताशा, सनई किंवा 'शुभमंगल सावधान' नंतरचा कल्ला असा सर्वांत मोठा आवाज शोधा आणि तो उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी ठेवा.

तपासणी: चाचणीच्या फाइलमध्ये गळलेल्या (ड्रॉप्ड) आणि घुसवलेल्या (इन्सर्टेड) फ्रेमचे आकडे पाहा. दोन्ही शून्य असावेत. वाढत असतील तर डिस्क हळू आहे किंवा सिग्नल अस्थिर आहे. डिस्क बदला, नाहीतर चौथ्या टप्प्यातला डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये घाला. आकडे वाढत असताना पूर्ण कॅसेट घेऊ नका. आवाज आणि ओठ तासाभराने वेगळे पडतात आणि मंगलाष्टकांचं चित्र एकीकडे, सूर दुसरीकडे असं होतं.

## ७. खरं कॅप्चर

आधी कॅप्चर सुरू करा, मग व्हीसीआरचं प्ले दाबा. शेवटी उलट करा: फीत पूर्ण संपू द्या आणि मग कॅप्चर थांबवा. समारंभ संपल्यासारखा वाटला म्हणून आधी थांबू नका. कॅमेरावाल्यांनी उरलेल्या फितीवर काय काय घेतलेलं असतं याचा नेम नसतो. त्याच फितीवर आधीचं दुसरं चित्रणही असू शकतं आणि मुख्य भाग संपल्यावर ते पुन्हा दिसू लागतं.

मध्ये पॉज नको. कॅसेट चालू असताना त्या संगणकावर दुसरं कोणतंही काम नको.

आणि हे तीन तास वाया घालवू नका. घरातली मोठी माणसं शेजारी बसवा आणि वही घ्या. मिनिट लिहा, कोण दिसतंय ते लिहा, नातं लिहा, गाव लिहा. '४२ मिनिटं, पंगत, डावीकडून दुसऱ्या, आईच्या मावससासूबाई, सावंतवाडी' इतकं पुरे. चित्र आपण वाचवू शकतो, पण त्यातली नावं फक्त त्या माणसांच्या डोक्यात आहेत. ही वही नंतर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये टाईप करा आणि तिला व्हिडिओच्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये ठेवा. या सगळ्या उद्योगातलं माझ्या मते हे सर्वांत मोलाचं काम आहे, आणि त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

तुटलेली जागा किंवा चित्र फाटलेला भाग आला तरी कॅप्चर चालू ठेवा. त्याचं मिनिट टिपून ठेवा. पूर्ण झाल्यावर तेवढाच भाग ट्रॅकिंग बदलून किंवा दुसऱ्या मशीनवर वेगळा घेता येतो.

## ८. मास्टर तपासणं आणि जपणं

फाइल उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट बघा. आवाजाचा मेळ तपासायला टाळ्या वाजणारा किंवा माइकवर बोलणारा माणूस शोधा, तोही शेवटच्या दहा मिनिटांत. सुरुवातीला मेळ असतोच. बिघाड शेवटी दिसतो.

सगळं ठीक असेल तर मास्टरचं नाव नीट द्या: वर्ष, प्रसंग, कुटुंब, कॅसेटचा क्रमांक. जागा कमी पडत असेल तर ती फाइल एफएफव्ही१ कोडेकमध्ये, एमकेव्ही प्रकारची फाइल म्हणून बदला. काहीही न गमावता आकार आणखी कमी होतो आणि अभिलेखागारांतही हे स्वरूप वापरलं जातं.

दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवा. त्यातली एक दुसऱ्या घरी, जमलं तर दुसऱ्या गावी.

थांबा: मास्टरवर काटछाट नाही, रंगकाम नाही, काहीच नाही. पंगतीचा लांब भाग, आहेर देणाऱ्यांची रांग, मंडपाच्या कडेला खुर्च्यांवर बसलेली माणसं, हे कंटाळवाणं म्हणून कापायचा मोह होतो. सप्तपदीत फक्त नवरा-नवरी दिसतात. आजोबा चालताना, आत्या हसताना, शेजारचे काका वाढताना दिसतात ते याच भागांत. कापायचं असेल तर प्रतीत कापा.

## ९. मास्टरवरून डीव्हीडी

डीव्हीडीचा व्हिडिओ म्हणजे एमपेग-२, ७२० गुणिले ५७६, ४:३. अर्धचित्रं तशीच ठेवायची आणि वरचं अर्धचित्र आधी. क्रम उलटा झाला तर हालणारी प्रत्येक गोष्ट मागेपुढे थरथरते. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) पद्धतीच्या उपकरणातून कॅप्चर केलं असेल तर मात्र खालचं अर्धचित्र आधी असतं, म्हणून कोणतं उपकरण वापरलं ते लक्षात ठेवा.

चित्राच्या तळाशी आठ-दहा ओळींचा फाटका पट्टा दिसेल. तो प्रत्येक व्हीएचएसवर असतो. जुन्या टीव्हीच्या चौकटीखाली झाकला जायचा. प्रतीत तो काळ्या पट्टीने झाकायचा. कापून उरलेलं चित्र ताणायचं नाही, कारण ताणलं की वरची-खालची अर्धचित्रं एकमेकांत मिसळतात.

एकेरी थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, संगणक ते ४.३७ च्या आसपास दाखवतो. आवाजाला सेकंदाला ०.२ मेगाबिट धरले तर व्हिडिओसाठी साधारण असं उरतं: ६० मिनिटांना ९ मेगाबिटहून जास्त (पण ८ पुरे), ९० मिनिटांना ६.३, १२० मिनिटांना ४.७. जुन्या फितीच्या चित्रात रवाळपणा असतो आणि त्यालाच बिट जास्त लागतात. तीन तासांचं लग्न एका डिस्कवर कोंबलं की चेहऱ्यांवर चौकोन दिसू लागतात. सरळ दोन डिस्क करा, शक्य तर विधी एका डिस्कवर आणि स्वागतसमारंभ दुसऱ्या डिस्कवर.

मेनू आणि प्रकरणं डीव्हीडीस्टायलर या प्रोग्रॅममध्ये करता येतात. प्रकरणांची मिनिटं तुमच्या वहीत आधीच आहेत: सीमांतपूजन, मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी, पंगत, पाठवणी.

बर्न करताना चांगल्या प्रतीची डीव्हीडी-आर घ्या, वेग ४ ते ८ पट ठेवा आणि नंतर पडताळणीचा पर्याय चालू ठेवा. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, तोल जातो. पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक भागावर लिहा.

तपासणी: डिस्क संगणकावर चालली म्हणजे झालं असं समजू नका. ज्या घरी द्यायची तिथल्या प्लेअरसारख्या साध्या प्लेअरवर लावून बघा. डीव्हीडी ही वाटायची प्रत आहे. तिचा रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो, म्हणून मास्टर हार्ड डिस्कवरच हवा.

## १०. फोनसाठीची प्रत

फोन आणि नवे टीव्ही अर्धचित्रं नीट हाताळत नाहीत, म्हणून फक्त या प्रतीत डीइंटरलेस करा. हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये बीडब्ल्यूडीआयएफ निवडून 'बॉब' (प्रत्येक अर्धचित्राची एक फ्रेम) पर्याय घ्या आणि सेकंदाला ५० फ्रेम ठेवा. २५ ठेवल्या तर हालचालीचा अर्धा गुळगुळीतपणा जातो. आकार ७६८ गुणिले ५७६. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते राहू द्या. चित्र ४:३ चंच आहे.

नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. यूट्यूबवर टाकणार असाल तर लक्षात ठेवा की त्या काळी मिक्सिंग करताना बहुतेक लग्नांना सिनेमाची गाणी जोडली जायची. त्यावर हक्काचा दावा येऊ शकतो आणि आवाज बंद होऊ शकतो. शिवाय त्यात इतरांची मुलंबाळं, घरं दिसतात, त्यामुळे सार्वजनिक करण्याआधी विचारून घ्या.

## ११. कॅसेट परत ठेवताना

काम झालं तरी कॅसेट टाकू नका. आज हाताशी नसलेलं चांगलं मशीन उद्या मिळू शकतं. शिवाय हेडवरून येणारा कच्चा सिग्नल थेट साठवून नंतर सॉफ्टवेअरने चित्र काढण्याची व्हीएचएस-डीकोड ही पद्धत आता छंदी लोक वापरू लागले आहेत. तिच्यासाठी मूळ फीत लागते.

पूर्ण रिवाइंड करा, डब्यात घाला, पुस्तकासारखी उभी ठेवा. माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात पत्रा किंवा स्लॅब तापतो. स्पीकरच्या शेजारी नको, त्यात चुंबक असतं. बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या कपाटाचा मधला खण सगळ्यात बरा. डब्यासोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर ती बदला. तेव्हाच खिडकीतून गुंडाळीवर नजर टाका आणि मास्टरच्या दोन्ही डिस्क जोडून फाइल उघडते का ते बघा. एखादी डिस्क कुरकुरू लागली तर दुसरीवरून त्याच दिवशी नवी प्रत काढा.